घरगाडीचं इंजिन

या घरात एकमत झालं की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलंय. एरवी पडद्याचा रंग ठरवायचा तरी माणसं पाच आणि मतं सहा. पण मंगळवारच्या प्रकारानंतर आई, दादा, वहिनी आणि धाकटी अशी चौघं एका बाजूला आली. घरगाडीचं इंजिन उतरवायचं ठरलं. पाचव्या माणसाला विचारायचं नाही असंही ठरलं, कारण गाडी त्याची होती.

पाचवा माणूस म्हणजे अप्पा. अप्पा फिरते चष्मेवाले. या गाडीत पलंग, चूल आणि काचांचं कपाट बसवून त्यांनी अर्धं आयुष्य गावोगाव हिंडण्यात घालवलं होतं. म्हाताऱ्यांना सुईत दोरा ओवता येईल आणि पोरांना फळा दिसेल एवढं काम करून ते पुढच्या गावी निघायचे. गाडी दादापेक्षाही वयाने मोठी होती. आता ती अंगणात भिंतीच्या कडेला उभी असायची आणि अप्पा तिच्यात बसून असायचे. त्यांची आठवण हळूहळू गळत चालली होती. आधी गावांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची, आणि आताशा धाकटीला ते कधी कधी स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे. हात मात्र काहीच विसरले नव्हते. दादाने किल्ली लपवली, तर त्यांनी जुन्या चमच्याचा दांडा कानशीने घासून नवी किल्ली केली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं वहिनी म्हणाली, पण तिच्या बोलण्यात रागापेक्षा कौतुकच जास्त होतं.

मंगळवारी सकाळी त्या चमच्याने गाडी सुरू झाली. घरात कुणाला कळायच्या आत ती फाटकाबाहेर पडली आणि थेट मोठ्या चौकापर्यंत गेली. तिथे अप्पांनी ती बरोबर मध्यभागी थांबवली. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजायला लागले. वहिनी गणित शिकवायची, ती शाळेकडे निघालेली, तिने गर्दीतून पाहिलं तर अप्पा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून शांत बसले होते. मान थोडी डावीकडे वळवलेली होती. ते विचारत होते, "डावीकडे मोकळं?" आणि उत्तराची वाट बघत होते.

हे विचारणं काय होतं, ते घरातल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नव्हती. त्या गाडीचं इंजिन पुढे नाकाखाली नव्हतं. ते आतच होतं, चालवणाऱ्याच्या आणि शेजारच्या सीटच्या मधे, एका पत्र्याच्या पेटीखाली. पेटीवर जाड गादी. थंडीत ती जागा मिळवायला दादा आणि धाकटी एकमेकांना चिमटे काढायची, कारण खालून ऊब यायची आणि अंगभर एक घुरघूर भरून राहायची. पण ती जागा फुकट नव्हती. डावीकडचा आरसा कधीचाच फुटला होता आणि दाराजवळच्या खांबामुळे अप्पांना त्या बाजूचं काही दिसायचं नाही. पेटीवर जो बसेल त्याने डावीकडे वाकून बघायचं आणि सांगायचं, मोकळं किंवा थांबा. त्या एका शब्दावर अप्पा अख्खं घर पुढे काढायचे.

म्हणून नियम पडला की पेटीवर बसून खोटं बोलायचं नाही. पुढे तो नियम रस्ता सोडून घरातही शिरला. काच फुटली की संशयिताला पेटीवर बसवलं जायचं, आणि खटला तिथेच निकाली निघायचा. आईला अप्पांना काही जरा वळवून सांगायचं असलं की ती आधी पेटीवरून उठायची. अप्पांना ते ठाऊक असायचं. "उठलीस का? बरं, सांग," असं म्हणून ते हसत ऐकून घ्यायचे.

तर शनिवारी संध्याकाळी धाकटी आल्यावर स्वयंपाकघरात उरलेला बेत शिजला. इंजिन जाणार होतं तंत्रशाळेत, पोरांना खोलून-जोडून शिकायला. गाडी अंगणातच राहील, अप्पांना हवं तेवढा वेळ आत बसता येईल, फक्त ती चालणार नाही. अप्पांना सांगायचं की इंजिन दुरुस्तीला जातंय. दादा म्हणाला, त्यांना ताकास तूर लागू द्यायची नाही, आणि हे धाकटीने सांगायचं, कारण इंजिनाच्या बाबतीत अप्पांचा विश्वास तिच्यावरच. धाकटी लिफ्ट दुरुस्त करायची. परगावी राहायची, रविवारपुरती यायची. ती हो म्हणाली. हो म्हणायला फार वेळ लागला नाही, याचंच नंतर तिला वाईट वाटलं.

रविवारची सकाळ अशी उगवली, जशी काही तिला कसली घाईच नव्हती. ऊन झाडातून गाळून खाली येत होतं. धाकटीने गाडीचे पुढचे दोन्ही दरवाजे बिजागऱ्यांतून काढले आणि एका दारातून आत, दुसऱ्यातून बाहेर असा लांब लोखंडी गर्डर घातला. त्याची दोन्ही टोकं बाहेर तिवईवर टेकवली. गर्डरवर सरकणारी साखळीची कप्पी तिने कामावरून मागून आणली होती. तिचा बेत साधा होता. इंजिन वर उचलायचं आणि गर्डरवरून आडवं सरकवत शेजारच्या दारातून बाहेर काढायचं. दादा त्याच्या औषधाच्या दुकानाला सुट्टी देऊन आला होता आणि सगळ्यात जड वस्तू कुठली ते विचारून तीच उचलत होता.

अप्पा कपडे बदलूनच आले. निळा अंगरखा, खिशात पुसायचं फडकं. कुणी बोलावलं नव्हतं. "दुरुस्ती आहे ना?" त्यांनी विचारलं. दादा गाडीच्या पलीकडून घाईने हो म्हणाला. धाकटी तेव्हा गाडीखाली होती. तिने ते ऐकलं आणि पान्याने पहिला बोल्ट पकडला. काम सुरू झालं.

बॅटरीच्या तारा सुटल्या. रेडिएटरचं पाणी गंजाच्या रंगाचं निघालं आणि फरशीवरून वाट काढत झाडाच्या बुंध्याशी गेलं. रेडिएटर बाहेर आला तशी गाडीच्या तोंडाला एक खिडकी झाली आणि तिच्यातून आतपर्यंत उजेड गेला. इतकी वर्षं अंधारात राहिलेलं इंजिन तेलकट आणि काळंभोर दिसत होतं. धाकटीला वाटलं, आपण याला कधी पाहिलंच नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. तिच्या लहानपणीची झोप त्याच्या आवाजात होती. पेटीवर डोकं ठेवलं की आधी दिवे मागे जायचे, मग झाडं, मग आईचं बोलणं, आणि शेवटी नुसती घुरघूर उरायची. जाग यायची ती दुसऱ्याच गावात. तोच पलंग, तीच चूल, फक्त खिडकीबाहेरचं जग बदललेलं. मोठी झाल्यावर कितीही चांगल्या घरात झोपली तरी जाग आली की ती आधी खिडकीबाहेर बघायची.

सायलेन्सरच्या पाइपाचा एक बोल्ट हलेना. तिने पान्यावर जोर लावला तसा अप्पांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "आधी किंचित आवळ, मग सोड," ते म्हणाले. तिने आवळला, मग सोडला, आणि तो निघाला. अप्पांनी तो पुसून बाजूला ठेवला. मग धाकटीच्या लक्षात आलं की ते सकाळपासून काय करतायत. फडक्याच्या चिंध्या फाडून ते सुटलेल्या प्रत्येक तारेला आणि नळीला बांधत होते. एकीला एक गाठ, दुसरीला दोन. बोल्ट जोडीजोडीने पुरचुंडीत. परत बसवताना चुकू नये म्हणून. नावं हरवलेला माणूस तारांना नावं देत होता.

गिअरबॉक्सखाली जॅक लावला. शेवटचे बोल्ट सुटले. इंजिन पुढे ओढून गिअरबॉक्सच्या दांड्यापासून मोकळं केलं, साखळी ताणली, आणि कप्पी टकटक वाजायला लागली. इंजिन आपल्या जागेवरून उठलं. एवढं जड धूड, पण हवेत आल्यावर ते अगदी हलकं वाटायला लागलं. किंचित गिरकी घेऊन ते थांबलं. आई दारात चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. झाडाच्या सावल्या त्याच्यावरून हळूच सरकत होत्या.

साखळी ओढून धाकटीचे हात भरून आले होते. चहा घ्यायला ती बसली. बसायला जवळ काय होतं तर सकाळी काढून झाडाखाली ठेवलेली पेटी, गादीसकट. कुठल्याही दुसऱ्या घरातली मुलगी आधी बघून बसली असती, किंवा बसून खुशाल खोटं बोलली असती. धाकटीने दोन्हीपैकी काही केलं नाही. ती सवयीने बसली.

अप्पा इंजिनावरून हात फिरवत होते. वळून त्यांनी विचारलं, "परत कधी बसवायचं?"

दादाने पाना खाली ठेवला. आईने धाकटीकडे पाहिलं, मग तिच्या खालच्या गादीकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. वेळ गेली नव्हती. उठता आलं असतं. आई आयुष्यभर अशीच उठत आली होती. धाकटीचे पाय तसे हललेही. पण अप्पा मान थोडी डावीकडे वळवून उत्तराची वाट बघत होते.

"परत नाही बसवायचं, अप्पा," ती म्हणाली. "ते तंत्रशाळेला दिलंय. मंगळवारी तुम्ही गाडी घेऊन चौकात गेला होतात."

अप्पांचा हात इंजिनावरच राहिला. चेहऱ्यावरचा रंग मात्र उतरला. त्यांनी विचारलं ते इतक्या हळू, की दादाला पुढे यावं लागलं.

"मी कुणाला उडवलं?"

इंजिनाचं काय, गाडीचं काय, याची त्यांना पडलेलीच नव्हती. धाकटी पेटीवरून उठली ती धावतच त्यांच्याजवळ गेली. नाही, अप्पा, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, डावीकडचं सांगायला कुणी नव्हतं म्हणून तुम्ही पुढे गेलाच नाहीत, तिथेच थांबून राहिलात, असं तिने सांगितलं. त्यांचे हात हातात घेऊन दोनदा सांगितलं. अप्पांनी बराच वेळ तिच्याकडे बघून ते तपासून घेतलं. मग त्यांचे खांदे खाली आले.

"मग ठीक," ते म्हणाले. आणि उरलेल्या एका नळीला चिंधी बांधायला लागले. आता कशाला, असं आईने विचारलं तर म्हणाले, शाळेतल्या पोरांना लागतील खुणा.

दादाने धाकटीला गाडीच्या मागे नेलं आणि तिथे त्याचा बांध फुटला. इंजिन पुढे हवेत लटकतंय आणि मागे सख्खी भावंडं भांडतायत, असं दृश्य शेजाऱ्यांनी भिंतीवरून पाहिलं असेल तर त्यांची दुपार चांगली गेली असणार. तू कबूल केलं होतंस, दादा म्हणाला. कबूल करून ऐनवेळी शब्द फिरवलास. धाकटीने पेटीचं सांगितलं. दादाला ते कळत नव्हतं असं नाही, आणि म्हणूनच तो जास्त चिडला.

"तू एकदा खरं सांगून मोकळी झालीस," तो म्हणाला. "ते तासाभरात विसरतील आणि परत विचारतील. तू तेव्हा बसमध्ये असशील. सांगायचं मी. रोज. त्यांचा तो चेहरा रोज मी बघायचा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?"

ज्याचं जळतं त्याला कळतं, हे तिलाही कळत होतं. रात्री उठून दार बघणारा दादा होता. अप्पांची नखं कापणारा, ते रागावले तर पाठीवर दोन गुद्दे खाणारा दादा होता. ती रविवारी मिठाई आणणारी पाहुणी. खरं बोलण्याची चैन तिला परवडत होती, कारण त्याचा खर्च दुसरं कुणी करणार होतं. ती म्हणाली, चुकलं माझं. तुला जे सोपं पडेल ते सांग, मी मधे येणार नाही. हे ती मनापासून म्हणाली.

आई दादाच्या बाजूने होती. ती म्हणाली, माणसाला सुखात ठेवण्यासाठी बोललेलं खोटं खोटं नसतं, आणि एवढा संसार तिने काय उगीच केला का. वहिनीने मात्र आता तोंड उघडलं ते भलतीच बाजू घेऊन. तिचं म्हणणं हिशेबाचं होतं. खोटं एकाने सांगून भागत नाही, चौघांनी तेच सांगावं लागतं. काल दुरुस्तीला म्हटलं, तर आज कुठपर्यंत आली दुरुस्ती ते ठरवावं लागतं, आणि उद्या अप्पा म्हणतील, चला, बघून येऊ.

"आपल्यात एकच माणूस विसरतोय, हे बरं आहे," ती म्हणाली. "खोट्याचा पाढा कुणाकुणाला पाठ राहणार?"

दादाने बायकोकडे असं पाहिलं, जसं काही तिने भर वर्गात त्यालाच छडी मारली. मग तो एकटाच जाऊन साखळीपाशी उभा राहिला. काम तर पुरं करायचंच होतं.

दुपारच्या उन्हात त्यांनी इंजिन बाहेर काढलं. धाकटीने हळूच ढकललं, दादाने पलीकडून झेललं, आणि ते गर्डरवरून तरंगत शेजारच्या दारातून अंगणात आलं. ज्या दारातून आई नव्या गावात आधी पाय ठेवायची, त्याच दारातून. तंत्रशाळेचा ट्रक आला. इंजिन लाकडी चौकटीवर बसलं, चिंध्या वाऱ्यावर हलत राहिल्या. ट्रक वळला तेव्हा अप्पांनी हात उंचावला, जसा ते गाव सोडताना उंचावायचे, पुढच्या माणसांना कमी आणि मागच्यांना जास्त.

ट्रक गेल्यावर अंगणात कुणाला काय करावं ते सुचेना. धाकटीने दरवाजे परत बसवले. गाडीच्या मधोमध आता पोकळी होती आणि तिच्यातून खालची जमीन दिसत होती, गवताची दोन पाती आणि तेलाचा जुना डाग. या डागावर आपण इतकी वर्षं उभे होतो, असं तिच्या मनात आलं. लहानपणी वाटायचं की ही गाडी जमिनीला कधी टेकतच नाही. तिला एकदम रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. पुसायला हात तेलकट होते, म्हणून चेहराही तेलकट झाला.

संध्याकाळी सगळी जेवायला बसली. धाकटीची बस उशिराची होती. अप्पांनी हात धुतले, खुर्ची ओढली, आणि खिडकीतून अंगणात बघत राहिले. गाडीच्या तोंडाला जिथे रेडिएटर होता तिथे आता भोक होतं.

"इंजिन कुठे गेलं रे?" त्यांनी विचारलं.

विचारलं दादाला. आईचा वाढायचा हात थांबला. धाकटीने ताटात मान घातली. दिलेला शब्द तिने दिवसात एकदा मोडला होता, दुसऱ्यांदा मोडायचा नव्हता. दादाने काहीही सांगितलं तरी ती हो म्हणणार होती. दुरुस्तीला गेलंय म्हणाला तर ती म्हणणार होती, हो अप्पा, मीच सोडून आले. तिने ते वाक्य मनात तयारही ठेवलं. समोर दादा पाणी प्यायला. पेला खाली ठेवला. परत उचलला, तर तो रिकामा होता.

"गेलं, अप्पा," दादा म्हणाला. "ते परत येणार नाही. मंगळवारी तुम्ही गाडी चौकात नेली होतीत."

आणि सकाळी उतरला तसाच अप्पांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी टेबलाची कड धरली. या एका चेहऱ्याला दादा घाबरत होता, आणि तो आता अगदी हातभर अंतरावर होता.

"मी कुणाला...?"

"नाही," दादा घाईने म्हणाला. "कुणालाच नाही, अप्पा. चौकातली सगळी पोरं शाळेत पोचली. तुम्ही थांबलात. मी असतो तर थांबलो नसतो, तुम्ही थांबलात."

वहिनीने टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. अप्पा त्याच्याकडे बघत होते. टेबलाची कड सुटली, कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या, आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं, कारण ते पहिल्यांदाच ऐकत होते, त्यांनी सुटकेचा मोठा श्वास सोडला. मग त्यांना दादाचे भरलेले डोळे दिसले.

"अरे, मग एवढं तोंड पाडून काय सांगतोस?" अप्पा म्हणाले. "चांगली बातमी आहे की." आणि ते जेवायला लागले.